वर्गणी भिंतीवर दिसते: लीड्स आर्ट फंडविषयी

लीड्सच्या सार्वजनिक कलादालनात चित्र पाहून झाले की मी त्याच्या शेजारची छोटी पट्टी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. चित्रकाराचे नाव, साल आणि माध्यम सगळेच वाचतात. पण ते चित्र या शहराचे कसे झाले हे सांगणारी ओळ सर्वांत खाली आणि सर्वांत बारीक अक्षरांत असते. कुणी ते मृत्युपत्राने दिलेले असते, काही नगरपालिकेने घेतलेले असते, आणि पुष्कळ पट्ट्यांवर एकाच मंडळाचे नाव पुन्हा पुन्हा येते. हे मंडळ म्हणजे लीड्स आर्ट फंड. १९१२ साली स्थापन झालेली ही स्वयंसेवी, धर्मादाय संस्था सभासदांच्या वर्गणीतून आणि देणग्यांतून पैसे उभे करते आणि शहराच्या कलासंग्रहासाठी वस्तू घ्यायला ते देते. गेली काही वर्षे मी तिची सभासद आहे. इंग्लंडच्या या भागात राहणारी मराठी मंडळी मला अधूनमधून विचारतात, की वर्गणी भरून मिळते काय. त्या प्रश्नाचे नीट उत्तर द्यावे म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी नावाचा घोळ दूर करते, कारण बहुतेकांची पहिली गफलत तिथेच होते. ब्रिटनमध्ये आर्ट फंड नावाची एक मोठी राष्ट्रीय संस्था आहे. ती १९०३ मध्ये सुरू झाली आणि तिचा पास घेतला की देशभरातल्या अनेक संग्रहालयांत सवलतीने किंवा विनामूल्य जाता येते. लीड्स आर्ट फंड ही तिची शाखा नव्हे. पूर्वी तिचे नाव लीड्स आर्ट कलेक्शन्स फंड असे होते आणि ते अधिक नेमके होते, असे मला अजूनही वाटते, कारण तिचे काम मुळात संग्रह वाढवण्याचे आहे. त्यामुळे लंडन किंवा एडिंबरोची प्रदर्शने स्वस्तात पाहायची असतील, तर राष्ट्रीय संस्थेचा पास घ्यावा. लीड्सच्या मंडळाची वर्गणी त्यासाठी नाही.

दुसरी गोष्टही सुरुवातीलाच सांगायला हवी. लीड्स आर्ट गॅलरीत प्रवेश सर्वांना विनामूल्य आहे. द हेड्रो या रस्त्यावर, टाउन हॉल आणि मध्यवर्ती ग्रंथालयाच्या शेजारी असलेल्या या इमारतीत कुणीही जावे, हवा तेवढा वेळ थांबावे आणि एकही पेनी न देता बाहेर यावे. तेव्हा तिकिटाचे पैसे किती वाचले, हा आपल्या सवयीचा हिशेब इथे लावता येत नाही. सभासदाला व्याख्याने, संग्रह जवळून पाहण्याच्या भेटी आणि इतर ठिकाणच्या सहली अशा गोष्टींचा लाभ होतो, आणि तो खरा आहे. एखादी वस्तू ज्याने पंधरा-वीस वर्षे हाताळली आहे, तिची दुरुस्ती होताना पाहिली आहे, अशा माणसाकडून तिच्याविषयी ऐकणे आणि पट्टीवरच्या चार ओळी वाचणे यांत फार अंतर असते. तरीही केवळ या कार्यक्रमांसाठी वर्गणी भरावी असे मी कुणाला सांगणार नाही. ती कशासाठी भरायची, हे कळायला हे मंडळ का निघाले ते पाहावे लागते.

कलादालन १८८८ मध्ये उघडले. (आपली बॉम्बे आर्ट सोसायटीही त्याच वर्षीची.) व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीला पन्नास वर्षे झाल्याच्या निमित्ताने लोकांनी वर्गणी काढून ही इमारत बांधली. म्हणजे मुळातच ती लोकवर्गणीची. पहिल्याच वर्षी कर्नल थॉमस वॉल्टर हार्डिंग या उद्योगपतींनी लेडी बटलर या चित्रकर्तीचे ‘स्कॉटलंड फॉरएव्हर!’ हे चित्र दिले. वॉटर्लूच्या लढाईत समोरून आपल्या अंगावर चाल करून येणारे ते करडे घोडे आजही या दालनातले सर्वांत लोकप्रिय चित्र असावे. लहान मुले त्याच्यासमोरून हलत नाहीत. गिरण्या, कापड आणि यंत्रे यांवर श्रीमंत झालेल्या या शहरात देणाऱ्यांची वाण नव्हती. अडचण निराळीच होती. काय घ्यायचे हे ठरवणारी समिती नगरसेवकांची होती, आणि तिच्या आवडीनिवडीचा पल्ला लढाया, घोडे आणि पौराणिक सुंदरींपलीकडे सहसा जात नव्हता. पॅरिस आणि म्यूनिकमध्ये चित्रकलेत काय उलथापालथ चालली आहे याची दखल घ्यायला ती तयार नव्हती.

१९१२ मध्ये फ्रँक रटर हे कलासमीक्षक कलादालनाचे क्युरेटर, म्हणजे संग्रह सांभाळणारे अधिकारी, म्हणून लंडनहून आले. त्यांनी तिथे १९०८ मध्ये अलाइड आर्टिस्ट्स असोसिएशन ही संस्था काढली होती. कोणत्याही निवड समितीविना चित्रकारांना आपली कामे मांडता यावीत, असा तिचा हेतू होता आणि तिच्या प्रदर्शनांत कँडिन्स्की या आधुनिक चित्रकाराची चित्रे लंडनकरांनी प्रथम पाहिली. असा माणूस लीड्सच्या समितीपुढे बसला तेव्हा काय झाले असेल याची कल्पना करता येते. त्यांना हवी ती खरेदी करता येईना. मग त्यांनी आणि लीड्स विद्यापीठाचे कुलगुरू मायकेल सॅडलर यांनी मिळून मार्ग काढला: नगरपालिकेच्या पैशांवर अवलंबून न राहता शहरातल्या कलाप्रेमी माणसांची वर्गणी गोळा करायची, त्यातून कलाकृती घ्यायच्या आणि त्या शहराच्या संग्रहाला द्यायच्या. लीड्स आर्ट फंडची सुरुवात ही अशी आहे.

सॅडलर हे नाव वाचून आपल्याकडच्या स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना काहीतरी आठवेल, आणि ते बरोबरच असेल. १९१७ ते १९१९ या काळात कलकत्ता विद्यापीठाची पाहणी करणारा जो आयोग सॅडलर आयोग म्हणून आपण पाठ करतो, त्याचे अध्यक्ष हेच. इंटरमीडिएटचे शिक्षण विद्यापीठापासून वेगळे करावे आणि पदवी तीन वर्षांची असावी, ही शिफारस त्यांचीच. बारावीनंतर तीन वर्षांची पदवी ही रचना आपल्याला इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यामागचा माणूस आपल्या घरी गोगँ आणि कँडिन्स्की टांगून बसत होता हे ऐकून मला पहिल्यांदा खरोखर आश्चर्य वाटले. आणि त्याने ती चित्रे स्वतःपुरती ठेवली नाहीत. १९१३ मध्ये लीड्स आर्ट्स क्लबने भरवलेल्या नव्या चित्रांच्या प्रदर्शनात त्याच्या संग्रहातली कामे होती. पुढे शिल्पकार हेन्री मूर लीड्सच्या कलाशाळेत शिकत असताना त्यालाही सॅडलरचा संग्रह पाहायला मिळाला. कॅसलफर्डच्या खाणकामगाराचा मुलगा, युद्धावरून परत येऊन माजी सैनिकाच्या अनुदानावर शिकणारा. त्याला आधुनिक चित्रे आणि आफ्रिकी कोरीवकाम एका कुलगुरूच्या घरात दिसले.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे, की मंडळाचे आजचे रूप त्यातूनच आले आहे. शहराचा संग्रह शहराच्याच मालकीचा राहावा, पण त्यात काय यावे याचा निर्णय केवळ निवडून आलेल्या लोकांच्या हाती नसावा, ही त्यामागची धारणा मला अत्यंत पटते. रटर १९१७ मध्ये लीड्स सोडून गेले. सॅडलर यांनी १९२० च्या सुमारास टाउन हॉलच्या भिंतींवर तरुण चित्रकारांकडून भित्तिचित्रे करून घेण्याची जी योजना आखली होती, तीही पार पडली नाही. पॉल नॅश, स्टॅन्ली स्पेन्सर आणि जेकब क्रेमर ही माणसे त्यात होती. माणसे गेली, योजना कोसळल्या, तरी वर्गणीचे मंडळ मात्र टिकले आणि शंभरी ओलांडून पुढे आले. एखाद्या श्रीमंत माणसाच्या उदारपणाचे आयुष्य त्या माणसाएवढेच असते. अनेकांच्या छोट्या वर्गण्यांचे तसे नसते. आपल्याकडे ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये निघाले ते याच बळावर. एखादे पुस्तक आपण कधी हाती धरणार नाही हे ठाऊक असतानाही त्याच्यासाठी वर्गणी भरणारी माणसे आपल्या गावोगावी होती आणि आहेत. लीड्सच्या मंडळात मला परके वाटले नाही, त्याचे कारण मी त्या वाचनालयांत वाढले हे असावे.

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते सांगते. कोणती वस्तू संग्रहात यावी, हे प्रथम संग्रह सांभाळणारे क्युरेटर सुचवतात, कारण संग्रहात कोणती उणीव आहे हे त्यांनाच नीट माहीत असते. मंडळाची समिती त्यावर विचार करून आपला वाटा किती द्यायचा हे ठरवते. बहुतेक वेळा संपूर्ण किंमत एकट्या मंडळाला पेलणारी नसते. मग राष्ट्रीय आर्ट फंड, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममार्फत चालणारा खरेदी अनुदान निधी किंवा असेच आणखी कुणी उरलेला वाटा उचलतात. म्हणून पट्टीवर कधी कधी तीन-तीन, चार-चार देणाऱ्यांची नावे असतात. या व्यवहारात स्थानिक मंडळाच्या पैशाचे मोल त्याच्या आकड्याहून मोठे असते. मोठ्या अनुदान संस्थांना विनंती करताना, या वस्तूसाठी गावातल्या माणसांनी आधीच इतके पैसे काढले आहेत, असे सांगता आले की त्या विनंतीला वजन येते. शिवाय लिलाव ठरलेल्या दिवशीच होतो. सरकारी कागद फिरून येईपर्यंत वस्तू दुसऱ्याच्या दिवाणखान्यात गेलेली असते. अशा वेळी लवकर हो म्हणू शकणारा छोटा निधी फार उपयोगी पडतो. खरेदीखेरीज जतन, दुरुस्ती आणि अभ्यास यांसाठीही मंडळ मदत करते. त्या कामांना प्रसिद्धी मिळत नाही, पण फाटलेला कॅनव्हास शिवून घेतल्याशिवाय तो भिंतीवर जाऊ शकत नाही.

या सगळ्यातून काय उभे राहिले, हे पाहायला एक पूर्ण दिवस ठेवावा. लीड्सचा विसाव्या शतकातील ब्रिटिश कलेचा संग्रह देशातल्या उत्तम संग्रहांत गणला जातो आणि १९९७ मध्ये त्याला राष्ट्रीय महत्त्वाचा संग्रह म्हणून अधिकृत मान्यता मिळाली. लंडनबाहेरच्या, नगरपालिकेने चालवलेल्या दालनासाठी ही साधी गोष्ट नाही. फ्रान्सिस बेकनचे १९५० चे चित्र, स्टॅन्ली स्पेन्सरने आपली पत्नी हिल्डा आणि मुलगी युनिटी यांना बाहुल्यांसह रंगवलेले १९३७ चे अस्वस्थ करणारे चित्र, पॉल नॅशचे समुद्रकाठचे चित्र, आणि याच शहरात जन्मलेल्या ॲटकिन्सन ग्रिमशॉने चांदण्यात आणि ओल्या रस्त्यांत पाहिलेले लीड्स: यांपैकी प्रत्येक वेळी सगळेच मांडलेले असते असे नाही, मांडणी बदलत राहते, पण काहीतरी नक्की भेटते.

माझे स्वतःचे मन ज्या चित्रापाशी सर्वांत जास्त थांबते ते जेकब क्रेमरचे ‘द डे ऑफ अटोनमेंट’. पूर्व युरोपातून स्थलांतर करून आलेल्या ज्यू कुटुंबातला हा मुलगा लीड्समध्ये वाढला आणि त्याला सॅडलर यांचा आधार मिळाला. १९१९ च्या या चित्रात प्रायश्चित्ताच्या दिवशी प्रार्थनेला उभे राहिलेले पुरुष आहेत: एका रांगेत, जवळजवळ एकसारखे, धारदार रेषांत कोरल्यासारखे चेहरे, अंगाभोवती प्रार्थनेची वस्त्रे. ते या शहरातल्या ज्यू समाजाने दालनाला भेट दिले. चित्रातला नवेपणा तेव्हा पुष्कळांना रुचला नाही, पण आपल्या माणसाने रंगवलेली आपली प्रार्थना शहराच्या भिंतीवर असावी, असे त्या स्थलांतरितांना वाटले, आणि ती तिथे आली. मी ही पट्टी वाचते तेव्हा मला आपल्या समाजाविषयी विचार करावासा वाटतो. लीड्स, ब्रॅडफर्ड आणि आसपास भारतीय माणसे थोडी नाहीत. रुग्णालयांत, विद्यापीठांत आणि संगणक कंपन्यांत काम करणारी मराठी घरेही पुष्कळ आहेत. आपण इथे गणपती बसवतो, त्यासाठी न मागता वर्गणी देतो. मात्र ज्या शहरात आपली मुले जन्मली, त्या शहराच्या संग्रहात आपलेही काही यावे यासाठी आपण अजून फारसे काही केलेले नाही.

शिल्पांच्या बाबतीत लीड्सचे स्थान आणखी वरचे आहे. मूर आणि वेकफिल्डची बार्बरा हेपवर्थ हे दोघेही इथल्या कलाशाळेचे विद्यार्थी. दालनाला शिल्पांसाठी जोडलेला भाग १९८२ मध्ये सुरू झाला आणि शेजारची हेन्री मूर इन्स्टिट्यूट १९९३ मध्ये. दोन्ही इमारती पुलाने जोडलेल्या आहेत. बाहेर फुटपाथलगतच मूरची ब्राँझमधली पहुडलेली स्त्री कोपरावर रेलून आहे आणि बसची वाट पाहणारी माणसे तिच्याकडे पाठ करून उभी असतात, इतकी ती त्यांच्या रोजच्या जगण्याचा भाग झाली आहे. आत १९२९ मध्ये तपकिरी हॉर्न्टन दगडात कोरलेली त्याची पहुडलेली आकृती आहे, जी शहराने १९४१ मध्ये घेतली. हे साल लक्षात ठेवण्याजोगे आहे. महायुद्ध ऐन भरात, संग्रह शहराबाहेरच्या टेंपल न्यूसम या जुन्या वाड्यात हलवलेला, आणि त्याच वर्षी तिथे मूर, ग्रॅहम सदरलंड आणि जॉन पायपर या तिघांचे प्रदर्शन भरले. सगळा देश बॉम्बपासून जीव वाचवत असताना एका गिरणगावाच्या कलादालनाचे संचालक फिलिप हेंडी जिवंत चित्रकारांची आणि शिल्पकाराची कामे लोकांपुढे मांडत होते.

जे घडले नाही त्याचीही खूण संग्रहात ठेवलेली आहे, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. अँटनी गॉर्म्ली या शिल्पकाराने रेल्वे स्थानकाजवळ विटांचा एक महाकाय पुरुष उभा करण्याचा प्रस्ताव दिला होता; १९८८ मध्ये नगरपालिकेने त्याला परवानगी नाकारली. त्याची लहान प्रतिकृती आज दालनाच्या संग्रहात आहे. रटर आणि सॅडलर यांनी अनुभवलेला तोच जुना ताण पाऊणशे वर्षांनी पुन्हा आला, असे ती पाहताना जाणवते.

टेंपल न्यूसमचा उल्लेख वर आला, तर त्याविषयीही सांगते, कारण मंडळाची मदत केवळ शहरातल्या दालनापुरती नसून टेंपल न्यूसम आणि लोदर्टन हॉल या दोन वाड्यांतल्या संग्रहांनाही होते. टेंपल न्यूसम १९२२ मध्ये लीड्स नगरपालिकेने एडवर्ड वुड यांच्याकडून विकत घेतले. हेच वुड चार वर्षांनी लॉर्ड आयर्विन म्हणून भारताचे व्हाइसरॉय झाले आणि मार्च १९३१ मध्ये गांधीजींबरोबरच्या करारावर त्यांनी सही केली. आपण जो करार शाळेत शिकलो, तो करणाऱ्या माणसाला वारशाने मिळालेल्या वाड्यात आज लीड्सची मुले शाळेच्या सहलीने येतात, हे मला दर वेळी जाणवते. वाडा शहराकडे आला तेव्हा त्यातले बरेचसे सामान निघून गेले होते. रिकाम्या दालनांत पुन्हा त्या त्या काळाचे फर्निचर, चांदी आणि मातीची भांडी आणून भरण्याचे काम पुढे अनेक दशके चालले. जवळच्या ओटली गावात १७१८ मध्ये जन्मलेल्या थॉमस चिपेंडेलने हेअरवुड हाउस या वाड्यासाठी बनवलेले लेखनाचे भव्य टेबल १९६५ मध्ये इथे आले. इंग्रजी फर्निचरमधल्या सर्वोत्तम वस्तूंत त्याची गणना होते आणि त्याच्या लाकडी जडावकामापुढे उभे राहिल्यावर ती का होते हे कुणालाही समजावून सांगावे लागत नाही. लीड्समध्येच बनणाऱ्या पिवळसर पांढऱ्या क्रीमवेअर भांड्यांचा संग्रहही बघावा. ज्यांना चित्रांत रस नाही, त्यांना ही भांडी हमखास आवडतात. लोदर्टन १९६८ मध्ये गॅस्कॉइन कुटुंबाने शहराला दिले. तिथे मी कमी वेळा गेले आहे, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही.

आता मर्यादा. पहिली मर्यादा पैशांची आहे आणि ती कुणाच्या दोषाची नाही. रटर यांच्या काळात नव्या चित्रकाराचे काम काही पौंडांत मिळे. आज नावाजलेल्या समकालीन कलावंताची किंमत अशी असते, की वर्गणीवर चालणाऱ्या स्थानिक निधीने तिकडे पाहायचीही सोय उरलेली नाही. त्यामुळे हुशारी लागते ती लवकर ओळखण्यात. ज्याचे नाव अजून झाले नाही, त्याचे काम आज घेण्यात धोका असतो, पण हे मंडळ जन्मले तेच तो धोका पत्करण्यासाठी, आणि म्हणून सुरक्षित, सर्वमान्य वस्तूंपेक्षा नव्या कामांवर त्याने अधिक पैसे लावावेत असे माझे सभासद म्हणून स्पष्ट मत आहे. इतर सभासदांचे मत निराळे असू शकते. जुनी भांडी आणि जलरंगांतली चित्रे यांवर मनापासून प्रेम करणारी माणसे पुष्कळ आहेत आणि कॉटमन या जुन्या चित्रकाराची जलरंगातली शेकडो कामे सिडनी किट्सन या संग्राहकामुळे या शहराला लाभली, हे मी विसरत नाही.

दुसरी मर्यादा मला अधिक काळजीची वाटते. इंग्लंडमध्ये स्थानिक नगरपालिकांच्या तिजोऱ्या गेल्या दशकभरात फार आटल्या आहेत आणि कपात करायची वेळ आली की कलादालने, ग्रंथालये आणि उद्याने यांच्यावर प्रथम नजर जाते. अशा वेळी स्वयंसेवी मंडळाचे पैसे नगरपालिकेच्या पैशांच्या जोडीला राहण्याऐवजी त्यांच्या जागी धरले जाण्याचा धोका असतो. छप्पर गळू नये, दिवे लागावेत, पहारेकरी असावा, हे शहराचे कर्तव्य आहे. त्या छपराखाली नवीन काय यावे, हे सभासदांनी पाहावे. २०१६-१७ मध्ये दालन बंद ठेवून छताची दुरुस्ती झाली तेव्हा वरच्या मजल्यावरचे, कित्येक दशके खोट्या छताआड दडलेले काचेचे कमानदार छत सापडले आणि आज त्यातून येणाऱ्या उजेडात दालनाचा तो भाग इतका देखणा दिसतो, की दुरुस्तीच्या नावाखाली आपण काय काय झाकून टाकतो हा विचार मनात येतो. ते काम वर्गणीतून होण्यासारखे नव्हते आणि तसे ते होऊही नये.

तिसरी गोष्ट अशा सर्वच मंडळांना लागू पडते. ब्रिटनमधल्या संग्रहालयांच्या मित्रमंडळांत निवृत्त माणसांचा भरणा अधिक असतो, कारण वेळ त्यांच्याकडेच असतो. नोकरी आणि लहान मुले सांभाळणाऱ्या जोडप्याने सभासद होण्यापूर्वी आपल्याला कार्यक्रमांना जाणे जमेल का, हे पाहावे. जमणार नसेल तरी सभासद व्हावे की नाही, हा मग वर्गणीच्या हेतूचा प्रश्न उरतो, लाभाचा नाही. शिवाय माझी एक साधी इच्छा आहे: पट्टीवरची ती शेवटची ओळ थोडी मोठ्या अक्षरांत छापावी. आपल्यासारख्याच माणसांनी पैसे जमवून ही वस्तू आणली, हे कळले तर बघणाऱ्यांपैकी काहींना आपणही द्यावे असे वाटेल.

महाराष्ट्रात असे काही असावे, असे मनात येणे स्वाभाविक आहे. मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा जीर्णोद्धार महापालिका, वारसा जतन करणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्या सहकार्याने झाला आणि त्याला २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. म्हणजे सरकारी मालकी आणि खाजगी आस्था एकत्र नांदू शकतात हे आपल्याकडेही सिद्ध झाले आहे. मात्र ते मोठ्या संस्थांचे सहकार्य होते. ज्यात शाळामास्तर, परिचारिका आणि दुकानदार वर्षाकाठी थोडे थोडे पैसे भरतात आणि दहा वर्षांनी आपल्या शहराच्या भिंतीवर एक चित्र वाढलेले पाहतात, अशी रचना आपल्या एखाद्या महापालिकेच्या कलादालनाभोवती उभी राहिली, तर मी तिची पहिल्या दिवशी सभासद होईन.

लीड्सला प्रथमच येणाऱ्यांसाठी एवढेच सांगते, की सुरुवात कलादालनातल्या टाइल्ड हॉलपासून करावी. रंगीत फरशांनी मढवलेली ही कमानदार खोली आधी ग्रंथालयाची वाचनाची जागा होती, मग शिल्पांचे दालन झाली, पुढे वर्षानुवर्षे खोट्या छताखाली आणि कपाटांमागे झाकली गेली आणि २००७ मध्ये पुन्हा खुली झाली. आता तिथे कॅफे आहे. चहा घेऊन तिथे बसावे, मग लोथार ग्यॉट्झने जिन्याच्या भिंतींवर रंगवलेल्या भडक त्रिकोणांतून वर जावे आणि घाई न करता पट्ट्या वाचत हिंडावे. सभासद व्हायचे की नाही, हे त्यानंतर ठरवावे.

पुढच्या उन्हाळ्यात माझा भाऊ साताऱ्याहून येणार आहे. आम्ही लहानपणी औंधच्या यमाईच्या दर्शनाला गेलो की बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या संग्रहालयातही जात असू, आणि तिथले हेन्री मूरचे आई आणि बाळ हे शिल्प आम्हा दोघांनाही नावासकट पाठ होते, मूर कोण आणि कुठला हे काही ठाऊक नसताना. त्याला मी १९२९ ची ती तपकिरी दगडातली आकृती दाखवणार आहे, ती त्या दिवशी मांडलेली असेल तर.